डबलसीट: मागच्या सीटचा इतिहास



आजचा विषय ऐकून तुम्ही म्हणाल, बचत गटाच्या बायांना मोटारसायकलचा इतिहास कशाला? तर त्याचं कारण आमच्याच गटात घडलं. तेच आधी सांगतो.

दोन वर्षांपूर्वी आमच्या गटातल्या एका ताईने घरात मोटारसायकल घ्यायला कर्ज मागितलं. बाजार, दवाखाना, माहेर आणि वर्षातून एकदा तुळजापूर, एवढ्यासाठी गाडी हवी होती. आमच्या गावाहून तुळजापूर शंभर किलोमीटरच्या वर. आम्ही बैठकीत चर्चा केली. हप्ता किती, परतफेड किती महिन्यांत, जामीन कोण, सगळं विचारलं. इतिवृत्तात लिहिलं, सगळ्यांनी सह्या केल्या. मागच्या सीटवर कोण बसणार आणि ती सीट कशी आहे, हे मात्र एकीनेही विचारलं नाही.

गाडी आली. दिसायला देखणी. मागची सीट उंच, अरुंद, पुढे उतरती. चाकाशेजारची जाळी दिसायला बरी नाही म्हणून घरच्यांनी काढून ठेवली. नवरात्राच्या आधी दोघं तुळजापूरला निघाले. ताई एका बाजूला पाय सोडून बसलेल्या, मांडीवर ओटीच्या सामानाची पिशवी. सोलापूरच्या पुढे साडीचा काठ चाकात गेला. मनगट मोडलं, डोक्याला सहा टाके पडले. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. जीव वाचला, हे देवीचे उपकार.

ताई घरी आल्यावर आम्ही भेटायला गेलो. त्या म्हणाल्या, "मला दुकानात नेलंच नव्हतं. गाडी दारात आली तेव्हाच पहिल्यांदा बघितली." त्या वाक्याने आम्ही गप्प झालो. कर्ज आमच्या गटाचं, हप्ता ताईच्या शिलाईच्या पैशातून, बसणार ताई, आणि निवड दुसऱ्याची. त्यानंतर आम्ही हा विषय वाचायला घेतला. आमच्यातल्या काहींनी इतिहास घेऊन बी.ए. केलंय, पण या सीटचाही इतिहास असेल असं कधी वाटलं नव्हतं.

मोटारसायकल जन्मली तेव्हा ती एकट्याचीच होती. १८८५ साली जर्मनीत डायम्लर यांनी लाकडी सांगाड्यावर इंजिन बसवून पहिली गाडी चालवून दाखवली. पुढे वीसेक वर्षं ही गाडी म्हणजे इंजिन लावलेली सायकलच. दुसऱ्या माणसाला न्यायचं तर कसं? आधी मागे छोटी गाडी जोडून बघितली, पण तिच्यात बसणाऱ्याच्या तोंडावर सगळी धूळ आणि धूर. मग चालवणाऱ्याच्या पुढे, दोन चाकांच्या मध्ये खुर्ची ठेवली. त्यात धडक बसली तर पहिली बसणाऱ्याला! त्यानंतर बाजूला जोडायची साइडकार आली. 'शोले'मध्ये जय-वीरूच्या गाडीला होती तशी.

साइडकार महाग आणि जड. म्हणून लोकांनी सोपी युक्ती काढली. मागच्या सामानाच्या कॅरिअरवर उशी बांधली आणि माणूस बसवला. इंग्रजीत मागे बसण्याला 'पिलियन' म्हणतात. हा शब्द मोटारीच्याही आधीचा. घोड्यावर पुरुषाच्या मागे बाईला बसायला जी गादी टाकत, तिला पिलियन म्हणत. म्हणजे बघा, मागची सीट सुरुवातीला सीट नव्हतीच. ती सामानाची जागा होती. सामानाला पकडायला दांडी लागत नाही, पाय ठेवायला पट्टी लागत नाही. त्या सोयी नंतर आल्या, माणसं पडायला लागल्यावर.

आता एका मायलेकीची गोष्ट. अमेरिकेत न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात एफी हॉचकिस नावाची मुलगी होती. १९१५ साली तिने ठरवलं, देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला, सॅन फ्रान्सिस्कोला जायचं. बरोबर आई, एव्हिस. आई वयाने पन्नाशी ओलांडलेली आणि अंगाने भरभक्कम. एफीने घेतलेली गाडी तीन गिअरची हार्ले-डेव्हिडसन, आणि आईसाठी साइडकार. आई आणि सामान दोन्ही साइडकारमध्ये. त्या काळी तिकडे पक्के रस्ते फार थोडे. वाटेत चाकाच्या ट्यूब संपल्या, तेव्हा त्यांनी घोंगडी कापून, गुंडाळून टायरमध्ये भरली आणि गाडी पुढे नेली. जाऊन-येऊन साधारण साडेचौदा हजार किलोमीटर! मोटारसायकलवरून अमेरिका ओलांडणाऱ्या त्या पहिल्या बाया मानल्या जातात.

या गोष्टीत आम्हाला महत्त्वाचं काय वाटलं? आईला कसं बसवायचं याची सोय निघण्याच्या आधीच झाली होती. वयस्क, जड माणसाला महिनोन्‌महिने अरुंद उशीवर बसवता येत नाही. तिला टेकायला पाठ आणि पाय सोडायला जागा लागते.

दुसरी जोडी इंग्लंडची, थेरेसा वॉलाक आणि फ्लॉरेन्स ब्लेंकिरन. १९३४ च्या डिसेंबरात लंडनहून निघाल्या आणि १९३५ च्या जुलैत आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केप टाऊनला पोहोचल्या. मध्ये सहारा वाळवंट. गाडी ६०० सीसीची पँथर, बाजूला साइडकार, वर मागे सामानाची गाडी जोडलेली. वाळूत एवढा बोजा ओढून इंजिन जेरीला आलं, आणि अगाडेझ या गावी मुक्काम करून त्यांना दुरुस्ती करावी लागली. बोजा किती आणि इंजिन केवढं, हा हिशेब त्यांनाही चुकला नाही, आपल्यालाही चुकणार नाही.

इंग्लंडमध्ये १९३० साली कायदा झाला. दुचाकीवर चालवणाऱ्याशिवाय एकच माणूस, नीट बसवलेल्या सीटवर आणि दोन्हीकडे पाय टाकूनच बसलेला. आपल्याकडे १९३९ चा मोटार वाहन कायदा झाला, तेव्हा एकच माणूस आणि पक्की सीट या दोन गोष्टी आल्या. दोन्हीकडे पाय टाकण्याची सक्ती मात्र आपल्या कायद्यात आली नाही. साडी नेसून एका बाजूला बसणं आपल्याकडे चालत राहिलं. तसं पाहिलं तर काष्टा घातलेल्या आपल्या नऊवारीत दोन्हीकडे पाय टाकून बसणं काही अवघड नाही. आपल्या मुलुखात बायांनी घोडे काष्ट्यावरच चालवले. अडचण वाढली ती गोल साडी आली तेव्हा.

मग बाईच्या कपड्याचा विचार कोणत्या गाडीने केला? इटलीतल्या व्हेस्पा स्कूटरने. १९४६ साली कोरादिनो दास्कानियो या विमानाच्या इंजिनिअरने ती आखली. त्याला मोटारसायकल आवडत नव्हती. त्याने इंजिन पत्र्याने झाकलं, पाय ठेवायला सपाट जागा दिली, पुढे चिखल अडवायला पत्रा दिला. झगा घातलेली बाईसुद्धा चढू शकेल आणि कपडे मळणार नाहीत, अशी गाडी. हीच व्हेस्पा पुढे बजाजने पुण्याजवळ आकुर्डीत बनवली. १९७२ साली 'चेतक' आली, राणा प्रतापांच्या घोड्याच्या नावाची. नंबर लावून लोक वर्षानुवर्षं वाट बघायचे. नवरा, मागे बायको, पुढे उभं पोर, हे चित्र आपण सगळ्यांनी पाहिलंय. त्याच वर्षी कायनेटिकची 'लुना' आली, आणि शाळेतल्या बाई, नर्सबाई स्वतः गाडी चालवू लागल्या.

खेड्यात मात्र स्कूटरची छोटी चाकं खड्ड्यात बसायची. इथे चालली ती मोठ्या चाकांची मोटारसायकल. राजदूतवर दुधाचे कॅन गेले, मद्रासच्या बुलेटवर पाटील गेले, म्हैसूरच्या जावा आणि येझदीवर मास्तर गेले. १९८५ पासून हिरो होंडाची कमी पेट्रोल पिणारी १०० सीसीची गाडी आली आणि मोटारसायकल शेतकऱ्याच्या दारात आली. चाक उघडं, साखळी उघडी आणि मागे साडी. म्हणून जाळी आली, तिला आपण साडी गार्ड म्हणतो.

१९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत १२३ क्रमांकाचा नियम आहे. तो म्हणतो, मोटारसायकलला मागे बसणाऱ्यासाठी कायमची पकड हवी, पाय ठेवायची सोय हवी, आणि मागचं चाक निदान अर्धं झाकणारं संरक्षण हवं. कशासाठी, तर मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत. मैत्रिणींनो, हे उपकार म्हणून मिळणारं सामान नाही, नियमात लिहिलेलं आहे. आमच्या ताईच्या घरी जे काढून माळ्यावर टाकलं होतं, ते हेच.

इतिहासातून आम्ही एवढंच शिकलो. मागची सीट नेहमी शेवटी आठवली जाते. म्हणून जिला मागे बसायचं, तिने निवडीला आधी हजर असावं.

आता लांबच्या प्रवासाला दोघांसाठी गाडी घेताना काय बघायचं, ते सांगतो. दुकानात गेल्यावर मागे बसा, आणि चांगली दहा मिनिटं बसा. सीट रुंद आणि सपाट हवी. पुढे उतरती असेल तर प्रत्येक ब्रेकला तुम्ही चालवणाऱ्यावर घसरणार, त्याचे हात अवघडणार आणि तुमची कंबर. पाय पट्टीवर ठेवून बघा. गुडघे फार वर आले तर तासाभरात पायाला मुंग्या येतील. पकडायची दांडी हाताला सहज लागते का बघा. जाळी बसवलेली आहे का बघा, आणि ती काढू देऊ नका. चालवणाऱ्याचे दोन्ही पाय, तुम्ही मागे बसलेल्या असताना, जमिनीला टेकतात का तेही बघा. गाडी आडवी होते ती बहुधा उभी असताना.

मग वजनाचा हिशेब. हा हिशेब आपल्याला जमतो, रोज वहीत करतोच. समजा तो ७० किलो, तुम्ही ६०, सामान १५. झाले १४५. गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत किती भार चालतो ते लिहिलेलं असतं, त्याच्याशी ताडून बघा. दोघं बसणार असाल तर मागच्या चाकात हवा किती आणि मागची स्प्रिंग किती कडक करायची, हेही तिथेच असतं. मेकॅनिककडून तेवढं करून घ्या. शंभर सीसीची गाडी गावात चालते, पण दोघं आणि सामान घेऊन घाट चढायचा तर १२५ ते १५० सीसीच्या गाडीची दमछाक कमी होते. वजन वाढलं की गाडी थांबायलाही जास्त अंतर लागतं, म्हणून ब्रेक बघा. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना चाक जाम न होऊ देणारा एबीएस ब्रेक सक्तीचा आहे.

हेल्मेट दोन घ्या. कायदा मागे बसणाऱ्यालाही आहे, आणि डोकं तर दोघांनाही आहेच. जमेल तिने सलवार घालून दोन्हीकडे पाय टाकून बसावं, तोल बरोबर मध्ये राहतो. साडीच असेल तर काठ आणि पदर खोचून घ्या. मांडीवर पिशवी नको, ती गाडीला बांधा. तासाभराने थांबा, उतरा, चार पावलं चाला.

आणि विमा. हे कान देऊन ऐका. बरेच जण स्वस्त पडतो म्हणून फक्त थर्ड पार्टी विमा काढतात. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली एका निकालात सांगितलं, की नुसता कायद्यापुरता विमा असेल तर त्याच गाडीवर मागे बसलेल्या माणसाची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही. म्हणजे हप्ता तुमच्या पैशाचा आणि विम्यात तुम्हीच नाही! म्हणून विमा काढताना तोंडाने विचारा, "मागे बसणारी यात धरली आहे का?" आणि कागदावर ते लिहिलेलं दाखवायला सांगा.

आमच्या गटाने आता एक ठराव केलाय. गाडीसाठी कर्ज मागितलं, तर मागे बसणाऱ्या बाईने दुकानात जाऊन गाडीवर बसून बघितलं का, हे इतिवृत्तात लिहायचं. दोन हेल्मेट आणि मागे बसणारीला धरणारा विमा यांची रक्कम कर्जातच मोजायची. ठराव मांडला तेव्हा एक आजी म्हणाल्या, "आमच्या वेळी बैल घेतानासुद्धा बाईला विचारायचे नाहीत." दुसऱ्या म्हणाल्या, "म्हणूनच तर आता विचारायचं." सगळ्या हसल्या आणि सह्या झाल्या.

ताईचं मनगट आता बरं आहे, शिलाई पुन्हा सुरू आहे. जाळी माळ्यावरून खाली आली. परवा त्यांनी स्वतः पाना हातात घेऊन तिचे बोल्ट आवळले. यंदा त्या पुन्हा तुळजापूरला जाणार आहेत, सलवार घालून, हेल्मेट घालून. त्यांच्या मुलीला शिकाऊ परवाना मिळालाय. ती म्हणते, पुढच्या वर्षी पुढे मी, मागे आई.

तुमच्या गटात गाडीसाठी किती कर्जं दिली गेली, आणि त्यातल्या किती जणी गाडी घेताना दुकानात होत्या, हे पुढच्या बैठकीत जरूर मोजा. आम्ही मोजलं. आमच्या सात कर्जांत एक होती.

येतो मैत्रिणींनो, पुढच्या भागात भेटू. रामराम.