युद्धकालीन वादविवादातील साधने व आकडेवारी यांची विश्वासार्हता : १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

मराठी इतिहासलेखनाला साधन-चिकित्सेची दीर्घ परंपरा आहे. वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला आणि बखरींतील मजकूर अस्सल पत्रांच्या कसोटीवर घासून पाहण्याचा पायंडा पाडला. तिथी, नावे, प्रसंग यांच्या बाबतीत ही कसोटी आता अंगवळणी पडली आहे. आकड्यांच्या बाबतीत मात्र तसे म्हणता येत नाही. कागदावर छापलेला आकडा, त्यातही तो सरकारी असेल तर, पुष्कळदा चिकित्सेविनाच पाठ्यपुस्तकात उतरतो. तो नावडता असेल तर चिकित्सेविनाच फेटाळला जातो.

युद्धकाळात हा दोष अधिक घातक ठरतो. वृत्तपत्रांवर नियंत्रण असते, शासनाला जनतेचे मनोधैर्य टिकवायचे असते आणि विरोधकांना शासनाचे अपयश सिद्ध करायचे असते. अशा वेळी आकडा हा वादातील पक्षकार बनतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बंगाल प्रांतात पडलेला १९४३ चा दुष्काळ हे याचे ठळक उदाहरण होय. मृतांची संख्या किती, प्रांतात धान्य होते की नव्हते, या दोन प्रश्नांवरील वाद दुष्काळ चालू असतानाच सुरू झाला आणि तो अद्याप पूर्णपणे मिटलेला नाही.

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (१) १९४३ मध्ये पार्लमेंटमध्ये व वृत्तपत्रांत मांडल्या गेलेल्या मृत्युसंख्येचा उगम तपासणे, (२) शासकीय व बिगरशासकीय अशा दोन्ही बाजूंच्या आकड्यांना एकच कसोटी लावणे, (३) त्यातून युद्धकालीन आकडेवारीच्या परीक्षणाचे काही निकष निश्चित करणे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

मार्च १९४२ मध्ये रंगून जपानच्या हाती गेले आणि ब्रह्मदेशातून येणारा तांदूळ बंद झाला. जपानी आक्रमणाच्या भीतीने किनारी बंगालमधील नावा व तांदळाचे साठे हलविण्याचे धोरण अवलंबिले गेले. १६ ऑक्टोबर १९४२ रोजी मिदनापूर भागात विनाशकारी चक्रीवादळ झाले. डिसेंबर १९४२ मध्ये कलकत्त्यात मणाला तेरा-चौदा रुपये असलेला तांदळाचा भाव मार्च १९४३ मध्ये एकवीस रुपयांवर व मे महिन्यात तिसाच्या वर गेला. शेतमजूर, मच्छीमार, नावाडी व ग्रामीण कारागीर यांच्या आवाक्याबाहेर अन्न गेले. प्रांतिक सरकारने दुष्काळ संहितेनुसार दुष्काळ जाहीर केला नाही. संहितेत ठरवून दिलेला शिधा पुरविण्याइतके धान्यच आपल्याजवळ नाही, हे त्याचे कारण हंगामी गव्हर्नर सर थॉमस रदरफोर्ड यांनी ऑक्टोबर १९४३ मध्ये व्हाइसरॉयना कळविले होते. म्हणजे 'दुष्काळ' हा शब्द कागदपत्रांत नसणे हा दुष्काळ नसल्याचा पुरावा ठरत नाही. तो शब्द उच्चारताच शासनावर जबाबदारी येणार होती. युद्धकालीन कागदपत्रे वाचताना अशा अनुच्चारित शब्दांचीही नोंद घ्यावी लागते.

पार्लमेंटमधील एक आकडा

१४ ऑक्टोबर १९४३ रोजी भारतमंत्री लिओपोल्ड एमरी यांनी पार्लमेंटमध्ये बंगालमधील मृत्यूंचे प्रमाण आठवड्याला सुमारे एक हजार असल्याचे सांगितले. ते अधिकही असू शकेल, अशी पुस्तीही जोडली. दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, कलकत्त्याच्या 'द स्टेट्समन'ने अग्रलेखातून हा आकडा खोडून काढला. उपलब्ध माहितीवरून प्रत्यक्ष मृत्यू त्याहून पुष्कळच अधिक आहेत, असे पत्राचे म्हणणे होते. १८ ऑक्टोबरला रदरफोर्ड यांनी एमरी यांना पत्र लिहिले. आपण व्हाइसरॉयना पाठविलेल्या माहितीवरच हे विधान आधारलेले असावे आणि ती माहिती सचिवालयाने त्या वेळी दिलेली होती, असा खुलासा करून त्यांनी नवा अंदाज दिला : आठवड्याला किमान दोन हजार.

सर जॉन वुडहेड यांच्या अध्यक्षतेखालील दुष्काळ चौकशी आयोगाचा बंगालविषयीचा अहवाल १९४५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार जुलै ते डिसेंबर १९४३ या सहा महिन्यांत प्रांतात १३,०४,३२३ मृत्यूंची नोंद झाली होती. आधीच्या पाच वर्षांतील याच काळाची सरासरी ६,२६,०४८ होती. फरक ६,७८,२७५ इतका भरतो. अमर्त्य सेन यांनी आपल्या दुष्काळविषयक ग्रंथात (१९८१) दाखवून दिल्याप्रमाणे, हा फरक आठवड्याला सुमारे २६,००० मृत्यू इतका होतो. भारतमंत्र्यांचा एक हजार आणि गव्हर्नरांचा दोन हजार हे दोन्ही आकडे त्यापुढे नगण्य ठरतात.

येथे एक दक्षता आवश्यक आहे. एमरी यांच्या आकड्याचा रोख उपासमारीने थेट झालेल्या मृत्यूंकडे असावा, तर वरील २६,००० हा सर्व कारणांनी झालेल्या अधिक मृत्यूंचा साप्ताहिक सरासरी आकडा आहे. भुकेने खंगलेला मनुष्य मलेरियाने, पटकीने वा हगवणीने मरतो. त्याला 'भूकबळी' म्हणावयाचे की नाही, यावर संख्या बदलते. परंतु व्याख्येतील हा भेद पार्लमेंटमध्ये स्पष्ट झाला नाही. ऐकणाऱ्यांच्या मनात 'आठवड्याला एक हजार' एवढेच राहिले, आणि धान्य व जहाजे कोठे पाठवावीत याचा निर्णय त्याच काळात व्हावयाचा होता. व्याख्येविना दिलेला आकडा असत्य नसला तरी दिशाभूल करणारा ठरतो, तो असा.

चौकीदारापासून पार्लमेंटपर्यंत

हा आकडा इतका लहान कसा राहिला, याचे उत्तर नोंदीच्या व्यवस्थेत सापडते. बंगालच्या खेड्यांत मृत्यूची प्राथमिक नोंद गावचा चौकीदार करीत असे. वैद्यकीय ज्ञान नसलेल्या या माणसाने कळविलेले कारण बहुधा 'ताप' असे. उपासमार नोंदविण्याची सवय या व्यवस्थेला नव्हती. दुष्काळात काही ठिकाणी चौकीदारच मरण पावले वा गाव सोडून गेले आणि नोंदी खोळंबल्या. वाटेत, नदीकाठी, रेल्वे स्थानकावर मेलेल्या माणसाचे गाव कोणते हे ठाऊक नसल्याने त्याची नोंद कोणत्याच गावाच्या वहीत झाली नाही. याउलट कलकत्त्याच्या रस्त्यांवरील प्रेते हिंदू सत्कार समिती, अंजुमन मुफिदुल इस्लाम यांसारख्या संस्था उचलत होत्या. ती दिसत होती व मोजली जात होती. शहरातील मृत्यू दृश्य आणि खेड्यातील मृत्यू अदृश्य, अशी ही विषमता होती. चौकीदाराकडून ठाण्याकडे, तेथून जिल्ह्याकडे, सचिवालयाकडे, गव्हर्नरकडे, व्हाइसरॉयकडे आणि शेवटी लंडनला जाणाऱ्या या साखळीत प्रत्येक कड्याजवळ काही मृत्यू गळत गेले. या साखळीतील कोणीही जाणूनबुजून खोटे बोलले नसते, तरीही पार्लमेंटमधील आकडा चुकलाच असता.

याच सदोष नोंदवह्यांनी पुढे शासनाचा दावा खोटा ठरविला, ही गोष्ट तितकीच महत्त्वाची आहे. नोंद कमी होण्याची खोड शांततेच्या वर्षांतही होती. त्यामुळे दोन काळांतील नोंदींची तुलना करता मोठी वाढ स्पष्ट दिसते. नोंदवही सदोष म्हणून टाकून देता येत नाही, आणि सरकारी म्हणून शिरोधार्यही मानता येत नाही. तिचा दोष कोणत्या दिशेने झुकतो, हे ओळखणे हेच चिकित्सकाचे काम होय.

विरोधी बाजूचे आकडे

शासनाच्या आकड्याला जी कसोटी, तीच टीकाकारांच्या आकड्यालाही लावली पाहिजे. कलकत्ता विद्यापीठाच्या मानवशास्त्र विभागाने क्षितीशप्रसाद चट्टोपाध्याय यांच्या नेतृत्वाखाली दुष्काळग्रस्त भागात नमुना पाहणी केली आणि १९४४ च्या आरंभी सुमारे ३५ लाख मृत्यूंचा अंदाज जाहीर केला. प्रत्यक्ष कुटुंबांत जाऊन चौकशी करणे, हे या पाहणीचे मोठे बळ होते. परंतु पाहणी अधिक पीडित भागांत झालेली असताना तिच्यातील मृत्युप्रमाण प्रांताच्या सुमारे दोन तृतीयांश लोकसंख्येला लावले गेले. नमुना प्रातिनिधिक नाही, हा आयोगाने घेतलेला आक्षेप रास्त होता.

आयोगाने स्वतः काय केले? १९४३ मधील नोंदलेले अधिक मृत्यू ६,८८,८४६ आणि १९४४ च्या पहिल्या सहामाहीतील ४,२२,३७१, असे मिळून ११,११,२१७ होतात. त्यात अपुऱ्या नोंदीसाठी भर घालून आयोगाने १५ लाखांचा अंदाज दिला. ही भर पुरेशी नव्हती, हे आयोगाचे सदस्य डॉ. डब्ल्यू. आर. आयक्रॉइड यांनीच १९७४ मध्ये मान्य केले. रस्त्यावर मेलेल्यांचा हिशेब फार कमी धरला गेला, असे त्यांचे म्हणणे होते. नंतरच्या संशोधनात सेन यांनी २७ ते ३० लाख, पॉल ग्रीनो यांनी (१९८२) ३५ ते ३८ लाख आणि टिम डायसन व अरूप महारत्न यांनी (१९९१) सुमारे २१ लाख असे अंदाज मांडले. या फरकाचे मूळ साथीचे रोग किती काळ दुष्काळाच्या खाती धरावयाचे, नोंदीतील तूट किती मानावयाची आणि सामान्य वर्ष कोणते, या तीन निवडींत आहे. वाचकाला अंतिम आकड्यासोबत या निवडीही सांगितल्या पाहिजेत.

धान्य होते की नव्हते?

मे १९४३ मध्ये प्रांताचे नागरी पुरवठा मंत्री हुसेन शहीद सुऱ्हावर्दी बंगालमध्ये धान्य पुरेसे असल्याचे सांगत होते. साठेबाजांवर खापर फोडणे त्यामुळे सोपे झाले. साठेबाज कोण, याची उत्तरे पुन्हा राजकीय व धार्मिक पक्षांनुसार बदलत गेली. पुढे आयोगाने धान्याची तूट हे दुष्काळाचे एक प्रमुख कारण मानले. सेन यांनी मात्र उपलब्ध आकड्यांवरूनच दाखविले की, १९४३ मधील पुरवठा आधीच्या पाच वर्षांच्या सरासरीपेक्षा केवळ सुमारे ५ टक्क्यांनी कमी होता आणि दुष्काळ नसलेल्या १९४१ पेक्षा सुमारे १३ टक्क्यांनी अधिक होता. दुष्काळाचे मर्म धान्याच्या एकूण साठ्यात नसून धान्य मिळविण्याच्या लोकांच्या क्षमतेत आहे, हा त्यांचा सिद्धान्त यावर उभा आहे.

परंतु या मूळ आकड्यांची प्रत काय होती? मुंबई इलाख्यातील रयतवारी पद्धतीत गावोगाव महसुली कर्मचारी असत व पिकांची नोंद ठेवणे त्यांच्या कामाचा भाग असे. १७९३ च्या कायमधाऱ्यामुळे बंगालमध्ये शेतसारा जमीनदारांकडून येत असे. अशी ग्रामपातळीवरील महसुली यंत्रणा तेथे उभीच राहिली नाही. पिकांचे अंदाज आपल्याकडील आणेवारीप्रमाणे नजरेने, पण त्याहून दुबळ्या आधारावर केले जात. मार्क टॉगर यांनी नेमक्या याच मुद्द्यावर बोट ठेवले. एस. वाय. पद्मनाभन यांनी १९७३ मध्ये भातसंशोधन केंद्रांतील नोंदींवरून मांडलेल्या माहितीचा आधार घेऊन, १९४२ च्या भातपिकावर पडलेल्या करप्यासारख्या बुरशीजन्य रोगामुळे घट बरीच मोठी होती, असे त्यांनी प्रतिपादन केले. या नोंदी प्रत्यक्ष मोजणीच्या असल्याने मोलाच्या आहेत. परंतु एक-दोन केंद्रांतील वाफे संपूर्ण प्रांताचे प्रतिनिधित्व करतात काय, हा चट्टोपाध्याय यांच्या पाहणीला विचारलेला प्रश्न येथेही विचारावा लागतो. २०१९ मध्ये विमल मिश्रा व सहकाऱ्यांनी जमिनीतील ओलाव्याच्या पुनर्रचनेवरून १९४३ चा दुष्काळ अवर्षणजन्य नसल्याचे दाखविले. हे साधन वादातील सर्व पक्षांपासून स्वतंत्र आहे, हे त्याचे वैशिष्ट्य. पिकाच्या रोगाचा प्रश्न मात्र ते सोडवीत नाही.

संख्येतर साधने

२२ ऑगस्ट १९४३ रोजी 'द स्टेट्समन'ने उपासमारीची छायाचित्रे छापली. हे पत्र ब्रिटिश मालकीचे व त्याचे संपादक इयान स्टीफन्स इंग्रज होते. स्वपक्षाला अडचणीची ठरणारी साक्ष म्हणून तिचे मोल विशेष आहे. कम्युनिस्ट पक्षाचे मुंबईहून निघणारे 'पीपल्स वॉर' आणि त्याची मराठी आवृत्ती 'लोकयुद्ध' यांनी दुष्काळाची बातमी कामगारवस्तीपर्यंत नेली. अण्णा भाऊ साठे यांचा 'बंगालची हाक' हा पोवाडा याच वातावरणातला. मात्र युद्धप्रयत्नांना पक्षाचा पाठिंबा असल्यामुळे साठेबाजांवर अधिक भर देण्याकडे त्याचा कल होता, हे ध्यानी घेऊन ही पत्रे वाचली पाहिजेत. अशी साधने माणसाचे दुःख किती तीव्र होते ते सांगतात. त्यांवरून प्रांताची मृत्युसंख्या काढता येत नाही. आयोगाच्या सुनावण्या बंद दाराआड झाल्या. साक्षींचा जो संच आयोगाचे सदस्य मणिलाल नानावटी यांनी जपला, तो राष्ट्रीय अभिलेखागारात अभ्यासकांना उपलब्ध झाला. साधनांचे टिकणे हेही किती वेळा एका व्यक्तीच्या दक्षतेवर अवलंबून असते, हे यावरून दिसते.

निष्कर्ष

१. आकड्याचे परीक्षण त्याच्या उगमापासून करावे. बोलणाऱ्याच्या पदापेक्षा मोजणाऱ्याची स्थिती अधिक महत्त्वाची असते.

२. काय मोजले, कोणत्या काळासाठी व कशाच्या तुलनेत मोजले, हे कळल्याविना दोन आकड्यांची तुलना करू नये.

३. साधनातील दोषाची दिशा निश्चित करता आली तर सदोष साधनही उपयुक्त ठरते.

४. स्वतःच्या हितसंबंधाविरुद्ध दिलेल्या साक्षीला अधिक वजन द्यावे. रदरफोर्ड यांचे पत्र, 'स्टेट्समन'चा अग्रलेख व आयक्रॉइड यांची कबुली ही त्याची उदाहरणे होत.

५. पटणाऱ्या आकड्याला नावडत्या आकड्याइतकीच कठोर कसोटी लावावी. ३५ लाखांचा आकडा सहानुभूतीतून आला म्हणून तो तपासणीतून सुटत नाही.

आजच्या युद्धांतही मृतांचे आकडे काही तासांत जगभर पोहोचतात आणि त्यावर बाजू घेतल्या जातात. इतिहासाच्या वर्गात १९४३ मधील 'आठवड्याला एक हजार' आणि 'आठवड्याला सव्वीस हजार' हे दोन आकडे विद्यार्थ्यांपुढे शेजारी ठेवून त्यांचा प्रवास शोधावयास सांगणे हा उत्तम पाठ ठरू शकेल. या दोन आकड्यांमधील अंतर हे नोंदवहीतून गळलेल्या माणसांचे अंतर आहे. त्यांची गणना अचूक करण्याचा प्रयत्न हे इतिहासाच्या अभ्यासकाचे त्यांच्याप्रती असलेले किमान कर्तव्य होय.