न्यूरेंबर्गचा ख्रिसमस डबा आणि मलबारची मिरी

आजचा एपिसोड खाण्याचा आहे, पण त्यात एक जंगल आहे, एक जहाज आहे आणि एक जाळलेलं शहरही आहे. हेडफोन लावा, जमलं तर सोबत चहा घ्या.

जर्मनीत शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या मराठी पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर डिसेंबर आला की एका गोष्टीचा फोटो हमखास येतो. नक्षीदार पत्र्याचा डबा आणि आत तळहाताएवढ्या गोल, तपकिरी, जाडसर कुकीज. त्यांचं नाव लेबकूखन. बदाम, हेझलनट, अक्रोड, मध, साखरेत मुरवलेली संत्र्याची आणि लिंबाची साल, वर दालचिनी, लवंग, वेलची, जायफळ. बाकी सगळ्या जर्मनीत मिळतात, पण नाव घेतलं जातं ते न्यूरेंबर्गचं.

प्रश्न साधा आहे. न्यूरेंबर्गजवळ समुद्र नाही. दालचिनी, लवंग, वेलची यातलं काहीच तिथे उगवत नाही. मग ही कुकी तिथलीच कशी झाली?

पहिलं उत्तर मधात आहे. शहराला लागून मोठं जंगल होतं आणि तिथे मध काढणारे लोक होते, त्यांना त्साइडलर म्हणत. उंच झाडांच्या खोडात पोकळी कोरायची, तिथे मधमाश्या वसवायच्या आणि चढून मध काढायचा, हे त्यांचं काम. १३५० मध्ये सम्राट चौथ्या कार्लने त्यांना खास हक्क दिले. फॉइख्त या गावात त्यांचं स्वतःचं न्यायालयसुद्धा होतं. साखर तेव्हा महाग आणि दुर्मिळ, म्हणजे गोडासाठी मधच. मधासोबत मेण आलं, मेणातून चर्चसाठी मेणबत्त्या आल्या. दक्षिण जर्मनीत लेबकूखन भाजणारा आणि मेणबत्त्या करणारा बऱ्याचदा एकच माणूस असायचा!

आता टिकण्याची गोष्ट. आपल्याकडे शंकरपाळी, अनारसे दिवाळीच्या आधीच करून ठेवतात, तसंच इथेही आहे, फक्त हिशोब जास्त लांबचा. मध आणि पिठाचा गोळा मळायचा आणि थंड जागी कित्येक आठवडे, कधी महिनेसुद्धा, नुसता ठेवून द्यायचा. अनारशाचं पीठ मुरवतात ना, साधारण तोच विचार. मधातली साखर पाणी धरून ठेवते, त्यामुळे जंतूंना वाढायला पाणी उरत नाही आणि पीठ खराब होत नाही. पण आत हळूहळू थोडं आम्ल तयार होत राहतं. मग भाजायच्या आधी त्यात पोटॅश घालतात. पोटॅश म्हणजे मुळात लाकडाच्या राखेतून काढलेला क्षार. आम्ल आणि क्षार भेटले की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि कुकी फुगते. यीस्ट नाही, अंडी फेटणं नाही. मला विचाराल तर या सगळ्या रेसिपीतली सर्वांत हुशार पायरी हीच आहे. वाट पाहणं हाच तिथे एक घटक आहे.

भाजल्यावर मधाची कुकी आधी कडक होते. ती डब्यात सफरचंदाच्या फोडीसोबत ठेवली की ओलावा शोषून मऊ पडते. म्हणून अनेक घरांत नाताळच्या कितीतरी आधी भाजून ठेवायची पद्धत आहे.

खाली जी पातळ पांढरी चकती असते, तिला ओब्लाटन म्हणतात. चर्चमध्ये मिस्साच्या वेळी देतात त्या पातळ भाकरीचीच ही बहीण. चिकट मिश्रण भट्टीला लागू नये म्हणून ते या चकतीवर थापतात.

आता मसाले. जुन्या जर्मनमध्ये दूरदेशीच्या सगळ्याच मसाल्यांना सरसकट ‘फेफर’, म्हणजे मिरी, म्हणत. त्यामुळे याच कुकीला काही भागांत ‘फेफरकूखन’ असं नाव पडलं. आणि श्रीमंत व्यापाऱ्याला टोमण्याने काय म्हणत? ‘फेफरझाक’, म्हणजे मिरीचं पोतं!

ही मिरी यायची आपल्या मलबार किनाऱ्यावरून. तिथून अरबी समुद्र, तांबडा समुद्र, इजिप्त, मग व्हेनिस. व्हेनिसमध्ये रियाल्टो पुलाजवळ जर्मन व्यापाऱ्यांची मोठी वखार होती आणि न्यूरेंबर्गचे व्यापारी तिथे कायम असत. तिथून माल आल्प्स ओलांडून न्यूरेंबर्गला जायचा. अनेक व्यापारी रस्ते या शहरात एकत्र येत. एका बाजूला जंगलातला मध, दुसऱ्या बाजूला व्हेनिसहून आलेला मसाला. लेबकूखन तिथली कशी झाली, ते इथे कळतं. १३९५ मध्ये शहराच्या कागदपत्रांत लेबकूखन करणाऱ्याचा उल्लेख सापडतो.

मग १४९८ साली वास्को द गामा कालिकतला पोहोचला आणि व्हेनिसच्या रस्त्याला पर्याय तयार झाला. जर्मन सावकारांनी संधी लगेच ओळखली. १५०५ मध्ये फ्रान्सिस्को द आल्मेदाचं आरमार लिस्बनहून भारताकडे निघालं, तेव्हा त्यातल्या तीन जहाजांत जर्मन आणि इटालियन व्यापाऱ्यांचा पैसा होता. ऑग्सबुर्गचे वेल्झर आणि फुगर होते, आणि न्यूरेंबर्गची इमहोफ आणि हिर्शफोगेल ही घराणीही होती.

वेल्झरांचा माणूस बाल्थाझार श्प्रेंगर या आरमाराबरोबर होता. त्याने प्रवासवर्णन लिहिलं, ते १५०९ मध्ये छापलं गेलं. त्यात नुसती बाजारभावांची यादी नाही. वाटेत आफ्रिकेच्या किनाऱ्यावर किल्वा घेतलं गेलं. मग मोंबासा शहर लुटलं आणि जाळलं. तिथून आरमार कारवारजवळच्या अंजदीव बेटावर आलं, तिथे किल्ला बांधायला घेतला, मग कन्नूर, कोची. कोचीला मिरी भरली आणि जहाजं युरोपला परतली. पाच वर्षांनी, १५१० मध्ये, पोर्तुगीजांनी गोवा घेतला. पुढे शतकाच्या शेवटी फुगर आणि वेल्झरांचा प्रतिनिधी फेर्डिनांड क्रोन गोव्यात राहून मिरीचा व्यवहार बघत होता.

मी हे का सांगतेय? कारण ‘पारंपरिक जर्मन कुकी’ असं आपण सहज म्हणतो. पिशवीभर मिरीसाठी मोंबासाच्या लोकांनी आपली घरं गमावली, हे त्या डब्यावरच्या नक्षीत कुठेच दिसत नाही. न्यूरेंबर्गमध्ये भट्टीसमोर घाम गाळणाऱ्या कारागिराने हे शहर कधी पाहिलं नव्हतं, त्याला दोष देण्यात अर्थ नाही. पण पैसा लावणाऱ्यांच्या हातात मात्र श्प्रेंगरचं पुस्तक पोहोचू शकत होतं. आज आपण चॉकलेट किंवा मोबाइलच्या बॅटरीबद्दल जो प्रश्न विचारतो, तो पाचशे वर्षांपूर्वीही तसाच उभा होता.

कारागिरांचाही काळ सोपा नव्हता. तीस वर्षांच्या युद्धात, १६३२ मध्ये, वालेनश्टाइनच्या सैन्याने न्यूरेंबर्गची कोंडी केली. शहरात माणसं खच्चून भरलेली, भूक आणि रोगराई, हजारो मेले. युद्ध संपायला अजून पाच वर्षं होती, तेव्हा १६४३ मध्ये लेबकूखनवाल्यांना स्वतःचा वेगळा संघ मिळाला. त्याआधी साधे बेकरीवाले आणि हे लोक यांच्यात कोणी काय भाजायचं यावर वाद चालायचे. आता ओळख पक्की झाली.

आज नियम कायद्यात आहेत. १९९६ पासून ‘न्यूरेंबर्गर लेबकूखन’ हे नाव युरोपीय संघात संरक्षित आहे, म्हणजे त्या शहरात बनलेल्यालाच ते लावता येतं, आपल्या जीआय टॅगसारखं. सर्वांत उंची प्रकार म्हणजे एलिझन-लेबकूखन. त्यात बदाम, हेझलनट किंवा अक्रोड किमान २५ टक्के लागतात आणि पीठ जास्तीत जास्त १० टक्के चालतं. शेंगदाणे घालून भागवता येत नाही!

तर यंदा कोणी तो डबा आणलाच, तर खायच्या आधी मागे छापलेली घटकांची यादी एकदा वाचा आणि एकेक नाव कुठून आलं असेल ते नकाशावर शोधा. मिरी, वेलची शोधताना बोट आपल्याच किनाऱ्यावर येईल.

तुमच्या घरी नाताळला काय काय आधी करून ठेवतात? वसई, गोवा, कोकण, जिथून ऐकताय तिथलं व्हॉइस नोटवर पाठवा. पुढच्या भागात भेटूच. तोपर्यंत खात राहा, ऐकत राहा!