हौस आणि चाकरी : मुंबईचा वाद्यवृंद व डहाणू-तलासरीचा तारपा

‘हौशी’ आणि ‘धंदेवाईक’ ही शब्दांची जोडी मराठीत रंगभूमीच्या संदर्भात विशेष रुळलेली आहे. राज्य नाट्यस्पर्धेमुळे १९५४ नंतर तिला एक प्रकारची शासकीय मान्यताही लाभली. ह्या जोडीतील दोन्ही शब्दांना मूल्यांचा वास लागलेला आहे. ‘धंदेवाईक’ म्हटले की कलेपेक्षा गल्ल्याकडे पाहणारा, आणि ‘हौशी’ म्हटले की निरपेक्ष, पण काहीसा कच्चा, असा अर्थ ऐकणाऱ्याच्या मनात आपोआप उभा राहतो. संगीताच्या इतिहासाला ही जोडी लावू गेल्यास ती कोठवर टिकते, हे पाहण्यासाठी पश्चिम रेल्वेच्या एकाच मार्गावरील, परस्परांपासून सुमारे सव्वाशे किलोमीटर अंतरावरची दोन स्थळे घेता येतील. एक मुंबई, दुसरे डहाणू व त्याला लागून असलेला तलासरीचा मुलूख. काळ दोहोंकडे जवळजवळ एकच, म्हणजे १९३५ ते १९५५ ही वीस वर्षे.

१९३५ साली व्हायोलिनवादक मेहली मेहता यांनी ‘बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा’ ही संस्था स्थापन केली. संचालनाची धुरा बेल्जियन संगीतज्ञ ज्यूल्स क्रान यांच्याकडे होती. त्याआधीच्या वर्षी, १९३४ मध्ये, वॉल्टर काउफमान हा ज्यू संगीतकार मध्य युरोपातून मुंबईस आला होता. त्याने येथे चेंबर संगीताची एक मंडळी उभारली आणि १९३७ ते १९४६ ह्या काळात आकाशवाणीच्या पाश्चात्त्य संगीत विभागात काम केले. आकाशवाणीची परिचित संकेतधून त्याचीच मानली जाते. अशा माणसांच्या आगमनामुळे मुंबईत पाश्चात्त्य संगीताची जाण वाढली हे खरे. परंतु सिंफनी वाजवावयास साठ-सत्तर वादक लागतात, आणि तेवढे वादक पगारावर ठेवण्याची शक्ती त्या वेळी मुंबईतील कोणत्याही संगीतसंस्थेत नव्हती.

तेव्हा वृंद जमला तो तीन ठिकाणांहून. पारशी घराण्यांतील हौशी वादक हा त्यातील एक भाग. हॉटेले, नृत्यशाळा आणि चित्रपटांचे स्टुडिओ येथे पोटासाठी वाजविणारे गोमंतकीय ख्रिस्ती वादक हा दुसरा. तिसरा भाग इंग्रजी आरमाराच्या बँडमधून येई. मेहलींचे पुत्र झुबिन मेहता यांनी पुढे आपल्या आठवणींत ह्या मिश्रणाचे वर्णन केलेले आहे, आणि ते करताना त्यांच्या बोलण्यात कौतुक व विनोद दोन्ही आढळतात.

हे मिश्रण कसे चाले, हे समजण्यासाठी वाद्यवृंदाची अंतर्गत रचना ध्यानात घ्यावी लागते. तंतुवाद्यांच्या विभागात एकच ओळ दहाबारा जण एकत्र वाजवितात. पुढच्या आसनांवर पक्के वादक बसविले म्हणजे मागच्या आसनांवरील कच्च्या वादकाचा हात त्यांच्या आधाराने चालतो, आणि अवघड स्वरपंक्तीत तो क्षणभर थांबला तरी श्रोत्याला कळत नाही. सुषिर वाद्यांत मात्र ही सोय नाही. तेथे बहुधा एका ओळीस एकच वादक असतो. ओबो चुकला तर सगळे सभागृह ऐकते. म्हणून हौशी माणूस व्हायोलिनच्या मागच्या रांगेत आणि पगारी माणूस ट्रंपेट, क्लॅरिनेट किंवा हॉर्नपाशी, ही वाटणी जगातील पुष्कळ वृंदांत दिसते. मुंबईस आरमारी बँडचे महत्त्व होते ते ह्याच कारणाने. १९४७ नंतर इंग्रजी पलटणी व आरमारी दले गेली, तेव्हा ही आसने भरणे अधिकच कठीण झाले असल्यास नवल नाही.

येथवर पाहता ‘हौशी’ व ‘धंदेवाईक’ हा भेद कौशल्याचा वाटतो. थोडे खोलात गेल्यावर तो वर्गाचा दिसू लागतो. गोमंतकातील पॅरिश शाळांतून स्वरलेखन शिकून आलेला तरुण मुंबईस येई तो संगीताच्या प्रेमाने, तसाच उपजीविकेसाठी. बोलपट १९३१ मध्ये आल्यावर मूकपटांच्या पडद्यापुढील वादन संपले. त्या जागी स्टुडिओतील ध्वनिमुद्रणाची कामे आली. स्वरलिपी पाहताक्षणी वाजवू शकणारा माणूस तेथे अपरिहार्य होता. सबॅस्टियन डिसूझा आणि अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या वाद्यसंयोजकांनी हिंदी चित्रपटगीतांना जे स्वरूप दिले ते सर्वश्रुत आहे, जरी श्रेयनामावलीत अशा मंडळींची जागा ‘साहाय्यक’ ह्या शब्दापलीकडे क्वचितच गेली. दिवसभर स्टुडिओत नाचगाण्याची संगत करणारा वादक सायंकाळी बेथोव्हेनसाठी सिंफनीच्या तालमीस जाई, तेव्हा तो ‘धंदेवाईक’ म्हणून जाई. शेजारच्या आसनावरील सुखवस्तू गृहस्थ ‘कलाप्रेमी’ म्हणून येई. वस्तुतः ह्या संगीताची भूक स्टुडिओतील वादकास अधिक असावयाची, कारण दिवसाच्या कामात ती भागत नसे. गोन्साल्विस यांनी १९५८ साली सेंट झेवियर महाविद्यालयाच्या चौकात स्वतःचा भारतीय सिंफनी वाद्यवृंद सादर केला आणि त्यात लता मंगेशकर व मन्ना डे यांना गाण्यास उभे केले. ह्या उपक्रमाकडे नुसता धंदा म्हणून पाहता येत नाही. गोन्साल्विस यांनी १९६५ च्या सुमारास चित्रपटसृष्टी सोडून अमेरिकेची वाट धरली, ही गोष्टही त्याच दिशेने बोट दाखविते.

आता त्याच वीस वर्षांतील डहाणू-तलासरी. तलासरीचा मुलूख तेव्हा उंबरगाव तालुक्यात मोडत असे. १९६० च्या राज्यविभागणीत उंबरगाव गुजरातेत गेले आणि तलासरी महाराष्ट्रात राहिली. वारली, कोकणा, मल्हार कोळी, धोडी, दुबळा अशा जमातींच्या ह्या पट्ट्यात तारपा हे प्रमुख सुषिर वाद्य. वाळविलेला दुध्या भोपळा, त्यात बसविलेल्या बांबूच्या दोन नळ्या, नळ्यांत जिभल्या, सांधे बुजविण्यास मेण, आणि टोकाला ताडाच्या पानाचा कर्णा, अशी त्याची घडण. वादक श्वास न तोडता वाजवितो. गालात साठविलेली हवा फुंकीत असतानाच नाकाने नवा श्वास घेण्याची ही क्रिया ओबोवादकालाही सहजसाध्य नसते. भाताचे नवे पीक हाती आल्यावर दिवाळीच्या आगेमागे रात्रभर नाच चालतो. नाचणारे एकमेकांच्या कमरेस हात घालून साखळी करतात, अग्रभागी घुंगुरकाठी घेतलेला गडी असतो, आणि तारपाकराच्या सुरावटीत पालट झाला की पावलांची चालही पालटते.

ह्या तारपाकरास कोणते विशेषण लावावे? तारप्यावर त्याचा संसार चालत नाही. तो शेतकरी किंवा मजूर असतो; त्या अर्थी तो ‘हौशी’ ठरेल. पण व्हायोलिनच्या मागच्या रांगेतील आधार त्याला मुळीच नाही. शेपन्नास माणसांची पावले त्याच्या एका फुंकीवर चालतात, त्याला झाकणारा दुसरा कोणी नसतो. मुंबईच्या वृंदात ज्या जागेवर फक्त पगारी वादक बसविला जाई, ती जागा हा माणूस कसल्याही पगाराशिवाय रात्रभर सांभाळतो. विवाहविधीत गाणी म्हणणारी धवलेरीही अशीच गावातील सुवासिनी असते. येथे वादन-गायन हे गावाने सोपविलेले कर्तव्य असते, आणि कर्तव्याला हौस म्हणणे हा शब्दाचा गैरवापर होईल.

हौस म्हणजे फावला वेळ, आणि फावला वेळ म्हणजे स्वतःच्या मालकीचा वेळ. १९३५ साली डहाणू-उंबरगावच्या वारल्याजवळ तो कितपत होता? डी. सिमिंग्टन यांनी १९३८ च्या सुमारास मुंबई सरकारसाठी आदिवासींच्या स्थितीचा जो अहवाल तयार केला, त्यात वेठीची आणि लग्नगड्यांची वर्णने आहेत. लग्नासाठी सावकाराकडून उचल घेतलेला तरुण त्या रकमेपायी वर्षानुवर्षे त्याच्या शेतावर राबे, कित्येकदा बायकोसह. म्हणजे ज्या लग्नात धवलेरी गाई, तेच लग्न पुष्कळांच्या बाबतीत गुलामीचा आरंभ ठरत असे. विनामोबदला काम हा प्रकार त्या वारल्याला चांगलाच ठाऊक होता. त्याचे नाव वेठ. तारपाही विनामोबदला, वेठही विनामोबदला. दोहोंतला फरक एवढाच की पहिल्यात कोणी मालक नव्हता. नाच रात्रीचा असे, हे केवळ चांदण्याच्या सौंदर्यामुळे, असे मानणारे लेखक आहेत. दिवस दुसऱ्याच्या ताब्यात होता ही बाब त्यांच्या ध्यानात आलेली दिसत नाही.

टिटवाळ्याच्या किसान परिषदेनंतर मे १९४५ मध्ये झरी येथे वारल्यांचा मेळावा भरला आणि गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वेठ बंद करण्याचा व दिवसास बारा आणे मजुरीचा आग्रह धरण्यात आला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तलवाड्यास जमलेल्या जमावावर गोळीबार होऊन जेठ्या गांगड व त्यांचे सहकारी अशी पाच माणसे मारली गेली. ह्या लढ्याचा इतिहास गोदावरीबाईंनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ ह्या १९७० च्या ग्रंथात लिहिला. तो सामान्यतः मजुरी आणि जमीन यांचा इतिहास म्हणून वाचला जातो, व ते योग्यच आहे. संगीताच्या अभ्यासकाने त्यात वेळेचा इतिहासही वाचावयास हवा. योगायोग असा की के. जे. सावे यांचा वारल्यांवरील इंग्रजी ग्रंथ त्याच १९४५ साली प्रसिद्ध झाला. ज्या समाजाच्या चालीरीतींची नोंद पूर्ण होत होती, तोच समाज त्या वेळी आपली स्थिती पालटावयास निघाला होता.

मुंबईचा वृंद ह्यानंतर फार टिकला नाही. १९५२ मध्ये यहुदी मेन्युहिन भारतात आले तेव्हा मुंबईतील वादकांस त्यांचा सहवास लाभला. १९५४ मध्ये झुबिन व्हिएन्नास शिकावयास गेले आणि पुढील वर्षी मेहली मँचेस्टरच्या हॅले वाद्यवृंदात रुजू झाले. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या ‘बॉम्बे चेंबर ऑर्केस्ट्रा’ने हौशी व व्यावसायिक यांना एकत्र बसविण्याची जुनी रीत चालू ठेवली. २००६ मध्ये राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्राने ‘सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया’ उभारला, त्यात मात्र प्रारंभापासून पगारी वादकांवर, विशेषतः कझाकस्तानातून आणलेल्या वादकांवर, भर राहिला. वादनाचा दर्जा त्यामुळे उंचावला. मागच्या रांगेतील गृहस्थाची जागा मात्र आक्रसली.

डहाणू-तलासरीत नेमके उलट घडत आहे. २०१४ पासून पालघर जिल्ह्यात असलेल्या ह्या तालुक्यांतील तारपापथके शासकीय महोत्सवांत व शहरी रंगमंचांवर जातात. त्यांना मानधन मिळते, प्रवासखर्च मिळतो. ह्यात आक्षेपार्ह काही नाही. बारा आण्यांसाठी ज्यांचे आजे गोळीबाराला सामोरे गेले, त्यांनी वादनाचे दाम घेऊ नये असे म्हणण्याचा अधिकार कोणाला? प्रश्न दामाचा नसून घड्याळाचा आहे. रंगमंचावर पथकाच्या वाट्याला काही मिनिटे येतात, तीही आयोजक सांगेल त्या महिन्यात. तेवढ्या वेळात साखळीचा एखादा फेरा पुरा होतो. तारपाकराने रात्रभरात ज्या चाली एकामागून एक काढावयाच्या, त्यांपैकी मंचावर दोन किंवा तीन ऐकू येतात. उरलेल्या चाली नवे भात आल्यावर पाड्यावर जो तारपा वाजतो, त्यातच शिकावयास मिळतात.