हरकाऱ्यांची साक्ष

कित्तूरच्या परिसरात ३० जून १८०० रोजी पेशव्यांचे सरदार धोंडोपंत गोखले मारले गेले. ज्या धोंड्या वाघाच्या बंदोबस्तासाठी ते निघाले होते, त्यानेच त्यांना अचानक गाठले. त्यांचे पुतणे बापू गोखले तेवढे बचावले. श्रीरंगपट्टणच्या बंदिवासातून १७९९ साली सुटलेला हा धोंड्या स्वतःस उभय लोकांचा राजा म्हणवीत असे. परंतु त्याचे खरे बळ वेगात होते.

म्हैसूरहून त्याच्या पाठीवर आलेल्या कर्नल आर्थर वेलस्लीपाशी तोफा होत्या, पायदळ होते, म्हणजे वेग नव्हता. धोंड्या कोठे आहे व उद्या कोठे असेल, हे कळल्यावाचून त्याला गत्यंतर नव्हते. यल्लम्माच्या यात्रेकरूंस सौंदत्तीचा मुलूख परिचित आहे. त्याच मुलखात मलप्रभेकाठी मुनवळ्ळी येथे ३० जुलै रोजी धोंड्याच्या सैन्याचा एक भाग वेलस्लीने गाठून नदीत लोटला. १० सप्टेंबरला रायचूरकडील कोनगल येथे खुद्द धोंड्या पडला. शत्रू इतका जवळ आल्याचा त्याला सुगावाही नव्हता.

पुढे १८०३ साली शिंदे-भोसल्यांशी युद्ध जुंपले तेव्हा वेलस्लीने बातमीदारीची व्यवस्था पक्की केली. हरकाऱ्यांची तीन निरनिराळी खाती त्याने ठेविली, आणि प्रत्येक खाते थेट त्यालाच वार्ता देई. दुभाषी म्हणून माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हा तेवीस वर्षांचा तरुण त्याच्या सोबत होता. एकाची जबानी चालू असता इतर साक्षीदारांना बाहेर ठेवण्याचा कोर्टाचा प्रघात आम्हा वकिलांच्या अंगवळणी पडलेला आहे. छावणीतही तोच प्रकार होता. तिघांचे म्हणणे जुळले तर ते ग्राह्य, न जुळले तर पुन्हा माणूस धाडावा.

तरीही २३ सप्टेंबरला घोटाळा झालाच. शत्रू भोकरदनला आहे, असे हरकाऱ्यांनी सांगितले, आणि ते खोटे नव्हते. भोकरदन हे गावाचे नाव, तसेच परगण्याचेही. बेळगाव म्हटले की शहर की जिल्हा, हे आपणांसही विचारावे लागते! शिंद्यांचे पायदळ प्रत्यक्षात कित्येक मैल अलीकडे, असईपाशी होते. कर्नल स्टीव्हन्सनची फौज येऊन मिळण्यापूर्वीच वेलस्ली त्याच्यापुढे येऊन ठाकला. नदीला उतार नाही, असे वाटाडे सांगत होते. परंतु पिंपळगाव व वरूड ही दोन गावे समोरासमोरच्या काठांवर दिसताच, मध्ये उतार असलाच पाहिजे, हे त्याने ताडले. परिस्थितिजन्य पुराव्याचे याहून चोख उदाहरण आमच्या पाहण्यात नाही. लढाई त्याने जिंकली. पण परगणा आणि गाव यांतील गोंधळापोटी ओढवलेल्या त्या दिवसात त्याची दीड हजारांहून अधिक माणसे मेली वा जखमी झाली.

त्या मोहिमेत इंग्रजांच्या बाजूने मराठी घोडदळ होते. त्याचे सरदार होते बापू गोखले आणि निपाणीचे अप्पा देसाई. अर्थात ही हेरव्यवस्था आपल्या सीमाभागातील माणसांनी जवळून पाहिलेली होती. ती पेशव्यांच्या दरबारी रुजली नाही, यात दोष सरदारांचा की बाजीरावांचा? आमच्या मते बाजीरावांचा अधिक. त्यांची बरीच हेरगिरी स्वकीयांवरच खर्ची पडत असे.

२० फेब्रुवारी १८१८ रोजी पंढरपूरनजीक आष्टी येथे जनरल स्मिथचे घोडदळ अगदी जवळ येऊन ठेपले, तेव्हा कोठे पेशव्यांच्या छावणीला त्याची वार्ता लागली. धन्यास निसटण्यास अवसर मिळावा म्हणून बापू गोखले थोड्या स्वारांनिशी आडवे झाले आणि तेथेच पडले.