आघात तरंग, वायूंतील : श्यानतेचा परिणाम

वायूत ध्वनीपेक्षा अधिक वेगाने सरकणारा आणि दाब, घनता व तापमान एकाएकी वाढवणारा तरंग. उल्का, स्वनातीत विमान, स्फोट व वीज यांमुळे तो निर्माण होतो.

जाडी : दाबतरंगाचा अधिक दाबाचा, म्हणून अधिक तापलेला भाग वेगाने जाऊन पुढच्या भागाला गाठतो व तरंगाचा उतार उभा होत जातो. श्यानता व उष्णतावहन हा उतार सौम्य करतात. दोहोंच्या समतोलातून तरंगाची जाडी ठरते. ती स्थूलमानाने श्यानता व घनता यांच्या गुणोत्तराला तरंगाच्या दोन बाजूंच्या वायूच्या वेगातील फरकाने भागून मिळते. साध्या हवेत फरक १ मी./से. असल्यास जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास असते, ३०० मी./से. असल्यास ती रेणूंच्या सरासरी मुक्त पथाच्या (सु. ०.०७ मायक्रोमीटर) कोटीची होते.

तरंगाच्या दोन बाजूंच्या दाब-घनतांचा संबंध मात्र श्यानतेवर अवलंबून नसतो. रँकिन (१८७०) व ह्यूगोनिओ (१८८७) यांनी तो वस्तुमान, संवेग व ऊर्जा यांच्या अक्षय्यतेवरून काढला. जाडीचे गणित रॅली व टेलर यांनी १९१० मध्ये मांडले. प्रबळ तरंगात मुक्त पथाइतक्या अंतरातच सारे बदलत असल्याने श्यान प्रवाहाची नेहमीची समीकरणे अपुरी पडतात व रेणूंच्या वेगांचे वाटप सांगणारे बोल्ट्समान समीकरण वापरावे लागते. त्याचे सोपे प्रतिमान १९५४ मध्ये भारतीय गणितज्ञ प्रभुलाल भटनागर यांनी ग्रोस व क्रूक यांच्यासह दिले.

वऱ्हाडातील उदाहरण : अमरावती विभागातील बुलढाणा जिल्ह्यात लोणार येथे बेसाल्ट खडकात सु. १.८ किमी. व्यासाचे आघात विवर आहे. असे विवर पाडणारा अवकाशातील पिंड सामान्यतः सेकंदाला ११ किमी. किंवा अधिक वेगाने वातावरणात शिरतो. विरळ वायूची श्यानता घनतेनुसार फारशी बदलत नाही. त्यामुळे उंचावर घनता घटली की जाडी वाढते. सु. १०० किमी. उंचीवर मुक्त पथ सु. १५ सेंमी. असतो, म्हणून वाळूच्या कणाएवढ्या उल्केपुढे तेथे स्पष्ट आघात तरंग बनत नाही. लोणारसारखे विवर पाडणाऱ्या मोठ्या पिंडापुढे तो बनतो आणि पिंड खाली येताना त्याची जाडी लाखो पटींनी घटते.

जमिनीवर आदळल्यावर खडकात शिरलेला तरंग वेगळा. त्याला वायूची श्यानता लागू नाही. त्याच्या दाबाने लोणारच्या बेसाल्टमधील फेल्डस्पार न वितळता काचरूप झाले. मॅस्केलिनाइट नावाची ही काच विवराच्या आघातजन्य उगमाचा प्रमुख पुरावा मानली जाते.