कोणतं मालेगाव, कोणता जोशी?

पुण्यात नोकरीला लागल्यापासून एक संवाद मी शंभरदा तरी केला असेल.

"गाव कुठलं तुझं?"

"मालेगाव."

"अच्छा, नाशिकचं!"

"नाही, वाशिमचं. अकोल्याहून वाशिमला जाताना लागतं ते."

"असंही मालेगाव आहे?"

आहे. तालुक्याचं गाव आहे. जुनी माणसं मालेगाव जहांगीर म्हणतात. १९९८ मध्ये वाशिम जिल्हा वेगळा झाला, त्याआधी आम्ही अकोला जिल्ह्यात मोडायचो. म्हणजे गाव जागचं हललं नाही आणि पत्ता मात्र बदलला. नुसतं नाव सांगून भागत नाही, पुढे जिल्हा जोडावाच लागतो, हे आमच्याकडची मुलं लवकर शिकतात. कॉम्प्युटरच्या बाबतीत तीच गोष्ट मी एका कॅफेत शिकले.

२००९ च्या आसपासची गोष्ट. स्टँडजवळ चार मशीनचं नेट कॅफे होतं. शाळेच्या प्रोजेक्टसाठी चित्रं काढायला मी तिथं जायचे. पेनड्राइव्ह लावला की आत 'न्यू फोल्डर' नावाचं पिवळं फोल्डर दिसायचं. ते आपण बनवलेलं नसायचं, पण उघडून बघावंसं वाटायचंच. डबल क्लिक केलं की काहीच व्हायचं नाही. म्हणजे आपल्याला तसं वाटायचं. ते फोल्डर नव्हतंच. फोल्डरचं चिन्ह लावलेला तो प्रोग्राम होता. तेवढ्या क्लिकवर तो मशीनमध्ये शिरायचा, टास्क मॅनेजर बंद करायचा, फोल्डर ऑप्शन्स गायब करायचा आणि दर वेळी विंडोज सुरू होताना आपणही सुरू होऊ, अशी सोय करून ठेवायचा.

कॅफे चालवणाऱ्या दादाने एकदा मला ती सोय दाखवली. विंडोजच्या रजिस्ट्रीत 'रन' नावाची एक जागा असते. सुरू होताना कोणाकोणाला उठवायचं, याची यादी तिथं असते. यादीत एक नाव होतं 'एमएसएन मेसेंजर'. दादा म्हणाला, "स्पेलिंग मोज." मेसेंजरमध्ये एस तीन होते. त्या नावापुढे फाइल होती रेगएसव्हीआर. विंडोजची या नावासारखी खरी फाइल आहे, पण तिच्या शेवटी ३२ असतं. "यातलं बत्तीस कुठं गेलं? हाच तो," दादा म्हणाला.

त्याच्याकडे एवढंच शास्त्र होतं, पण त्यावर कॅफे चालायचं. पेनड्राइव्हवर 'ऑटोरन डॉट आयएनएफ' नावाचं रिकामं फोल्डरही तो बनवून द्यायचा. एकाच जागी एकाच नावाच्या दोन गोष्टी राहू शकत नाहीत. नाव आधीच अडवून ठेवलं की व्हायरसला आपली त्या नावाची फाइल तिथं टाकता येत नाही. एसटीत रुमाल टाकून जागा धरावी, तसा हा प्रकार. पुढे मायक्रोसॉफ्टने २०११ मध्ये अपडेट पाठवून पेनड्राइव्हचं ऑटोरन जुन्या विंडोजमध्येही बंद केलं आणि रुमालाची गरज संपली.

इंजिनिअरिंगला गेल्यावर कळलं की दादा ज्या भांडणात उतरला होता, ते आम्हा दोघांच्या मशीनपेक्षा बरंच जुनं आहे. आणि त्या भांडणात एक जोशीही आहे.

ते समजायला मशीन उठतं कसं हे बघावं लागतं. जुन्या पीसीचं बटण दाबलं की पहिल्यांदा बायोस जागा व्हायचा. तो हार्ड डिस्कचा पहिला तुकडा वाचायचा. हा तुकडा फक्त ५१२ बाइटचा. त्याचे शेवटचे दोन बाइट ५५ आणि एए आहेत का, एवढं बघायचा आणि ते जुळले की सगळा कारभार त्या तुकड्याच्या हाती द्यायचा. तुकडा कोणी लिहिला, कशासाठी लिहिला, ही चौकशी नाही. त्यामुळे ज्याने ती जागा बळकावली तो विंडोजच्या, डॉसच्या, सगळ्यांच्या आधी उठायचा.

१९८६ मध्ये लाहोरच्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या दोन भावांनी फ्लॉपीवरची हीच जागा घेतली. त्यांच्या व्हायरसचं नाव ब्रेन. (फ्लॉपी म्हणजे सेव्हच्या चिन्हात दिसते ती चकती.) गंमत म्हणजे व्हायरसच्या आत त्यांनी आपली नावं, दुकानाचा पत्ता आणि फोन नंबर लिहून ठेवले होते. पण ब्रेनची खरी हुशारी वेगळीच होती. कोणी फ्लॉपीचा पहिला तुकडा वाचायला गेलं, की मेमरीत बसलेला ब्रेन मधेच अडवायचा आणि दुसरीकडे जपून ठेवलेला मूळ, स्वच्छ तुकडा पुढे करायचा. तपासणारा तपासायचा आणि सगळं ठीक आहे असं लिहून द्यायचा.

चार वर्षांनी, जून १९९० मध्ये, भारतात एक व्हायरस सापडला. तो फ्लॉपीचाही पहिला तुकडा धरायचा आणि हार्ड डिस्कचाही. वाचायला येणाऱ्याला तोही ब्रेनसारखाच खोटा, साफ तुकडा दाखवायचा. मेमरीतले सुमारे सहा किलोबाइट खाऊन वर्षभर गप्प बसायचा. ५ जानेवारीला मात्र मशीन अडकायचं आणि पडद्यावर हुकूम यायचा, की 'हॅपी बर्थडे जोशी' असं टाइप करा. मुकाट्याने टाइप केलं की मशीन पुन्हा चालू.

जगभरच्या व्हायरसच्या याद्यांत तो 'जोशी' याच नावाने नोंदला गेला. लाहोरच्या भावांनी नावासोबत पत्ता दिला होता. इथं नुसतं आडनाव. आपल्याकडे जोशी म्हटल्यावर पुढचा प्रश्न ठरलेला असतो: कुठले जोशी? त्या हुकुमात याचं उत्तर नव्हतं.

जोशीचा इलाज मला फार महत्त्वाचा वाटतो. कंट्रोल, ऑल्ट, डिलीट दाबून मशीन पुन्हा सुरू केलं तर जोशी त्यातूनही टिकून राहायचा. म्हणून वीज पूर्ण बंद करायची. मग जिच्यावर काही लिहिता येणार नाही अशी कुलूपबंद, खात्रीची फ्लॉपी लावायची आणि मशीन तिच्यावरून उठवायचं. आता पहिला उठणारा आपल्या विश्वासाचा असतो, म्हणून तो जे दाखवेल ते खरं. आधीच उठून बसलेल्या व्हायरसला 'घरात चोर आहे का' असं विचारून उपयोग नसतो. साक्ष घ्यायची तर बाहेरच्याची.

याच सुमाराला पुण्यात दोन भाऊ याच प्रश्नाशी झटत होते. कैलास काटकर दहावीनंतर शिक्षण सोडून कॅल्क्युलेटर दुरुस्तीत शिरले होते. पुढे स्वतःचं दुकान काढलं, कॉम्प्युटर दुरुस्तीची कामं घेऊ लागले. धाकटे संजय कॉम्प्युटर शिकत होते. दुरुस्तीला येणाऱ्या कित्येक मशीनचा पार्ट बिघडलेला नसायचाच, आत व्हायरस असायचा. तेव्हा मायकेलँजेलो नावाचा व्हायरस गाजत होता. तोही पहिल्या तुकड्यात राहणारा. ६ मार्चला मशीन सुरू केलं की तो डिस्कवरचा मजकूर पुसायला घ्यायचा. १९९२ च्या ६ मार्चला तर जगभर त्याची धास्ती होती. संजय यांनी त्यावर उतारा लिहिला. अशाच उताऱ्यांतून नव्वदच्या दशकाच्या मध्याला क्विक हील तयार झालं. दुरुस्तीच्या दुकानातून अँटिव्हायरस निघाला, याचं मला आश्चर्य वाटत नाही. मशीन रोज उघडून बघणाऱ्यालाच आत कोण बसलंय ते आधी दिसणार.

विंडोज ९५ आल्यावर चोरांना एवढ्या खाली उतरायची गरज उरली नाही. सुरू होताना उठायच्या जागा आता भरपूर होत्या: रजिस्ट्रीतली रनची यादी, स्टार्टअपचं फोल्डर, सर्व्हिसेस, ठरावीक वेळेला चालणारी कामं. या जागा सज्जन प्रोग्रामसाठीच होत्या. प्रिंटरचा प्रोग्राम, आवाजाचा प्रोग्राम, अँटिव्हायरस, सगळे तिथंच. त्यामुळे प्रश्न बदलला. आधी विचारायचो, लपलंय का कोणी? आता सगळे समोर रांगेत उभे, त्यातला उपरा कोण?

यादी बघायची साधनं आली. विंडोज ९८ सोबत एमएसकॉन्फिग आलं. मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल यांनी ऑटोरन्स लिहिलं. ते आपोआप सुरू होण्याच्या डझनावारी जागा एका पडद्यावर मांडतं. पण यादी मिळाली म्हणजे ओळख पटली असं नाही. तिथं पुन्हा माझं गाव आठवतं. एसव्हीसीहोस्ट हे विंडोजच्या अगदी खऱ्या प्रोग्रामचं नाव. एक्सपीच्या काळात त्याचं घर सिस्टिम ३२ या फोल्डरात. तेच नाव टेम्प फोल्डरातून चाललेलं दिसलं, तर नाव बरोबर असूनही माणूस वेगळा. म्हणून पाथ बघायचा, म्हणजे जिल्हा विचारायचा. आणि त्यापुढे जाऊन डिजिटल सही बघायची, म्हणजे हा आमचाच, असं कोणत्या कंपनीने लिहून दिलंय ते.

सहीवरचा विश्वासही २०१० मध्ये ढळला. स्टक्सनेट हा इराणच्या अणुकेंद्रातली यंत्रं बिघडवायला लिहिलेला व्हायरस. लागण झालेल्या मशीनच्या मोजणीत इराण आणि इंडोनेशियानंतर भारताचा नंबर होता. त्याचा एक ड्रायव्हर मशीनसोबतच उठायचा आणि त्यावर रिअलटेक कंपनीची अस्सल सही होती. सहीची किल्लीच चोरलेली. आवाजाची चिप बनवणारी हीच कंपनी तुमच्या-माझ्या लॅपटॉपच्या स्टार्टअप यादीत बहुतेक वेळा असते, आणि आपण ते नाव बघून बिनधास्त पुढे सरकतो.

मग २७ जून २०१७. युक्रेनमध्ये हिशेबासाठी वापरल्या जाणाऱ्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून नॉटपेट्या सुटला. म्हणजे ज्याला आपणच दार उघडून आत घेतो, त्याच्याच पिशवीतून. शिरल्यावर त्याने काय केलं? जुनीच वाट धरली. डिस्कचा पहिला तुकडा बळकावला आणि मशीन रीबूट करवलं. पडद्यावर डिस्क तपासणी चालू असल्याचं दिसायचं, आणि त्या पडद्याआड तो डिस्क कुलूपबंद करत असायचा. मर्स्क या जहाज कंपनीचे कॉम्प्युटर बसले. तिच्या गटाकडे असलेलं उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातलं टर्मिनलही त्यात आलं आणि न्हावाशेव्याचं काम विस्कटलं. जोशीने सत्तावीस वर्षांपूर्वी वापरलेली ५१२ बाइटची जागा, आणि तिच्यापायी बंदरात अडकलेले कंटेनर.

इतकं सगळं आठवायचं कारण गेल्या पावसाळ्यातला काकांचा फोन.

"पोरी, ह्या मोबाइलले काय झालं पाय बरं. बंद करून चालू केला, तरी ते मेलं पुन्हा येतेच."

व्हॉट्सअॅपवर कोणीतरी त्यांना गाडीच्या चलानाची फाइल पाठवली होती. नाव सरकारी, चिन्ह सरकारी. फाइल होती एपीके. त्यांनी ती उघडली, मागेल त्या सगळ्याला 'अलाऊ' म्हटलं, आणि ॲपचं चिन्ह गायब झालं. न्यू फोल्डरचंच हे नवं रूप. बियाण्यासाठी ठेवलेल्या पैशांतले अठरा हजार संध्याकाळपर्यंत गेले होते.

आजच्या फोनमध्ये बायोससारखा भोळा कारभार नाही. प्रत्येक टप्पा पुढच्याची सही तपासून मगच त्याला उठवतो. ती साखळी तोडणं अवघड, म्हणून चोर तिच्या वाटेला जात नाही. अँड्रॉइडमध्ये फोन सुरू झाला की ॲपला तशी वर्दी मिळू शकते. गजराच्या ॲपला ती हवीच असते, नाहीतर रीबूटनंतर गजर वाजणार नाही. तीच वर्दी चोरही मागून घेतो. सोबत एसएमएस वाचायची आणि ॲक्सेसिबिलिटीची परवानगी मिळाली की ओटीपी त्याच्या हातात आणि पडदाही त्याच्या ताब्यात. काका ते काढून टाकायला गेले की सेटिंग्ज आपोआप बंद व्हायचं, ते याचमुळे.

मी आधी त्यांना दुसऱ्या फोनवरून बँकेला आणि १९३० ला फोन करायला लावला. मग म्हटलं, पॉवरचं बटण दाबून धरा, पडद्यावर 'पॉवर ऑफ' येईल, त्यावर बोट दाबून ठेवा. बऱ्याच फोनवर असा सेफ मोड येतो. सेफ मोडमध्ये फोनसोबत आलेली ॲप चालतात आणि आपण मागाहून टाकलेलं कोणी उठत नाही. १९९० ची ती कुलूपबंद फ्लॉपी आता फोनच्या आतच ठेवलेली असते.

फोन उठला. या वेळी सेटिंग्ज बंद पडलं नाही. यादीत चिन्ह नसलेलं ते ॲप दिसलं. परवानग्या काढल्या, ॲप काढलं. काका काही वेळ गप्प होते. मग म्हणाले, "नाव त आरटीओचंच होतं ना वं."

मी त्यांना रजिस्ट्री, ब्रेन, जोशी यातलं काही सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, "काका, पुण्यात कोणी मला मालेगावची म्हटलं की मी काय सांगते?"

"वाशिमचं म्हणून सांगतं."

"तसंच यालाही विचारायचं. कुठलं आरटीओ, कोणी पाठवलं, प्ले स्टोअरमधून आलं का व्हॉट्सअॅपवरून."

पैसे अजून आलेले नाहीत. तक्रारीचा नंबर काकांनी कॅलेंडरवर लिहून ठेवलाय. दिवाळीला गेले तेव्हा त्यांनी शेजारच्या दोघांना बोलावून ठेवलं होतं. दोघांच्या हातात फोन होते. काकांनी त्यांना आधीच सांगितलं होतं, की बंद करा आणि बटण दाबून धरा.