आजीच्या चुका, माझ्या चुका

परवा धाकट्या आत्याचा फोन आला. म्हणाली, "तू आईच्या आठवणी लिहिल्यास त्या पुन्हा वाचल्या रे. छान आहेत. पण ती वडाच्या पारावर कशाला बसेल रात्रभर? आपल्या गावात वडाला पारच नव्हता."

मी म्हटलं, अगं, तिनंच सांगितलंय. टेप आहे माझ्याकडे.

फोन ठेवला आणि जुनी कॅसेट शोधली. आजी जायच्या आधीच्या उन्हाळ्यात साकोलीजवळच्या आमच्या गावी जाऊन तिला बोलतं केलं होतं. तीन कॅसेट भरल्या. नंतर त्या उतरवून काढल्या, भाषा नीट केली, शुद्धलेखन तपासलं आणि झेरॉक्स काढून नातेवाइकांत वाटल्या. तुमच्यापैकी बऱ्याच जणांकडे ती चाळीस पानं असतील. आज त्या चाळीस पानांबद्दल थोडं कबूल करायचं आहे.

कॅसेटवर आजी स्पष्ट म्हणते आहे, "रातभर सारे पारीवर बसून होतो." मी "पारीवर" ही चूक समजून "पारावर" केलं. मग पार म्हटल्यावर वड आला, वड आल्यावर गप्पा आल्या. माझ्या पानांवर "पावसाळ्याच्या रात्री मंडळी वडाच्या पारावर गप्पा मारत बसत" असं एक गोड वाक्य आहे. ते पूर्णपणे माझं आहे.

झाडीपट्टीच्या बोलीत ळ चा र होतो. डोळ्याचा डोरा, काळ्याचा कारा. म्हणजे पारी ही पाळ, तलावाची पाळ, पाणी अडवणारा मातीचा बांध. आजी सांगत होती ती मुसळधार पावसातली रात्र, पाळ फुटेल या भीतीनं गाव कंदील घेऊन तिच्यावर पहारा देत होतं ती. फुटली असती तर खालच्या सगळ्या बांध्या, नुकती रोवणी झालेला धान, वाहून गेला असता. एवढ्या भीतीच्या रात्रीची मी गप्पांची मैफल करून टाकली, आणि तीही शुद्ध मराठीत!

मग बसून तिन्ही कॅसेट पुन्हा ऐकल्या. हातात पेन, समोर माझी पानं. एकेक करून सापडत गेलं.

दुसरी चूक बोडीची. आजी कधी "बोडी" म्हणते, कधी "तलाव". मला वाटलं एकच गोष्ट आहे, वाचणाऱ्याचा गोंधळ नको, म्हणून सगळीकडे "तळं" केलं. पण भंडाऱ्यात हा फरक साधा नाही. बोडी म्हणजे लहान, बहुधा एखाद्याच्या शेतालगतची. तलाव मोठा, गावाचा. कोहळी लोकांनी गोंड राजांच्या काळापासून या भागात तलाव बांधले, आणि पुढे त्यांतले कितीतरी मालगुजारांच्या ताब्यात होते. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली, १९५१ पासून अंमल सुरू झाला आणि ते तलाव सरकारकडे गेले. आज ज्यांना आपण "मामा तलाव" म्हणतो ते हेच. बाहेरच्या पाहुण्यांना वाटतं कोणा मामानं बांधला असेल. खरं तर मामा म्हणजे "माजी मालगुजारी".

आता आजीचं वाक्य ऐका: "तलाव सरकारचा झाला, बोडी आपलीच रायली. पन तलावावर माती कोन टाकंल?" माझ्या पानांवर याचं झालंय, "तळं सरकारजमा झालं." बस्स. म्हणजे घरातली बोडी मी एका शब्दात सरकारला देऊन टाकली. आणि पाळीवर माती टाकायला कोणी उरलं नाही, म्हणूनच ती रात्र आली, हा आजीनं जोडलेला धागाही तुटला.

तिसरी चूक सगळ्यात लाजिरवाणी. आजी म्हणते, "आंबेडकर उभे झाले होते तवा मी दोन मतं टाकली. एक याले, एक त्याले." मी हसलो होतो तेव्हा. म्हातारीची आठवण, दोन मतं कुठली! मी "मी मत दिलं" असं लिहून मोकळा झालो.

आजी बरोबर होती. पहिल्या लोकसभेच्या काळात देशात काही मतदारसंघ दोन सदस्यांचे होते, एक जागा सर्वसाधारण आणि एक राखीव. भंडारा त्यातलाच. मतदाराला दोन मतं असत, ती दोन वेगळ्या उमेदवारांना द्यायची. १९५४ च्या पोटनिवडणुकीत इथून सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता निवडून आले, आणि राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर. डॉ. बाबासाहेब आंबेडकर हरले. दोन सदस्यांची ही पद्धत १९६१ च्या कायद्यानं बंद झाली. माझा जन्म त्यानंतरचा. मला जे माहीत नव्हतं ते झालंच नसेल, असं मी धरून चाललो.

शिवाय त्याच परिच्छेदात मी "महाराष्ट्रातल्या भंडारा जिल्ह्यात" असंही लिहिलंय. १९५४ साली कुठला महाराष्ट्र? भंडारा तेव्हा मध्य प्रदेशात होता आणि राजधानी होती नागपूर. १ नोव्हेंबर १९५६ ला आपण मुंबई राज्यात गेलो आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. आजीच्या लग्नाच्या वर्णनात "गोंदिया जिल्ह्यातील नवेगावबांध" आहे, तेही माझंच. गोंदिया वेगळा झाला १ मे १९९९ ला. आजीनं सरळ "आपल्या जिल्ह्यात" म्हटलं होतं.

म्हणजे आजी कधी चुकलीच नाही असं नाही हं. बाबासाहेब भंडाऱ्यातून दोनदा उभे झाले, असं ती ठासून सांगते. ते खरं नाही. १९५२ ची निवडणूक त्यांनी उत्तर मुंबईतून लढवली, तिथे ते नारायण काजरोळकरांकडून हरले. भंडारा नंतरचं. भांड्यांमुळे गावाला भंडारा नाव पडलं, हेही तिचं लाडकं मत. पितळेची भांडी इथली प्रसिद्ध, भाणं म्हणजे ताट, अर्थ छान जुळतो. पण रतनपूरच्या इ.स. ११०० च्या शिलालेखात "भाणारा" असं नाव आल्याची नोंद जिल्हा गॅझेटियरमध्ये आहे. अर्थ जुळला म्हणजे इतिहास झाला असं नाही.

गंमत बघा, या दोन खऱ्या चुका मी जशाच्या तशा छापल्या, कारण त्यांचं व्याकरण बरोबर होतं.

शाळेत आम्हाला न आणि ण, ळ आणि र यांवरून लाल शाईचा फार धाक होता. घरी बोलायचो तसं लिहिलं की गुण जायचे. ती शाई माझ्या हातात इतकी मुरली की आजीच्या तोंडावरही मी ती फिरवली. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीसाठी इतकं काम केलं, तिची साहित्य संमेलनं भरू लागली, हे सगळं मला ठाऊक होतं. तरी स्वतःच्या घरातली बोली दिसली की हात आपोआप सुधारायला जातो.

असो. आता पानं नव्यानं लिहायला घेतली आहेत. या वेळी आजीचं वाक्य ती बोलली तसंच ठेवतोय. ज्याचा अर्थ लागत नाही तो शब्द बदलत नाही, आधी आत्याला विचारतो. साल आणि राज्य त्या काळातलं लिहितोय. आणि जिथे ती चुकली तिथे तिचं म्हणणं न खोडता खाली वेगळ्या ओळीत माझं टिपण, म्हणजे कोण बोलतंय ते कळावं.

तुमच्याकडेही कोणाच्या घरी म्हातारं माणूस असेल, आणि तुम्ही लिहून घेत असाल, तर एवढंच करा. पहिल्यांदा उतरवताना काही सुधारू नका. जुन्या झेरॉक्स मात्र फेकू नका, त्यातलं अकरावं पान उघडा आणि "वडाच्या पारावर" खोडून "पारीवर" लिहा. नवी प्रत हाती येईपर्यंत तेवढं तरी आजीचं राहील.